मागच्या सीटवरचं गुणगुणणं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, लांबच्या वाटांची. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर निळा रंग होता. आता मालकाचे गुडघे घासून टाकी चंदेरी झाली आहे. मालक सुतार, खुर्च्या घडवणारा. त्याची बायको मागे बसायची आणि वाटभर गुणगुणायची. चढ आला की तिचा सूर चढायचा, उतार आला की उतरायचा. तेव्हा लोक वळून वळून मला बघत.

दोन वर्षांपूर्वी ते गुणगुणणं थांबलं. पुढे ती यायचीच बंद झाली. सुताराला वाटलं, ती माझ्या जुनाटपणाला कंटाळली. माझ्यावर चादर पडली, आणि तो वहीत नव्या गाड्यांची तुलना मांडू लागला. एकीला उंच काच, छातीवर वारा येत नाही. दुसरीच्या मुठी थंडीत गरम होतात. तिसरी ठरवलेला वेग आपणहून सांभाळते. तिसरीवर त्याने खूण केली. शनिवारी भंगारवाला मला न्यायला येणार होता.

शुक्रवारी ती तिसरी गाडी चालवून बघायला दारात आली. माझी दुरुस्ती करणारा जुना मिस्त्रीही आला. वही वाचून तो हसला.

"यात सगळं पुढच्याचं आहे. मागे बसणाऱ्याचं पान कुठंय?"

सुताराने बायकोला बोलावलं. ती नव्या गाडीवर मागे बसून एक फेरी मारून उतरली आणि म्हणाली, बेडकासारखी बसले होते मी. मग तिने माझ्यावरची चादर काढली.

"हिची सीट चांगली ऐसपैस आहे हो. पण खड्डा आला की कंबरेतून कळ थेट डोक्यात जाते."

"मग बोलली का नाहीस?"

"लोकांच्या पाठी मोजून खुर्च्या करता. वाटलं, मलाही एकदा विचाराल."

सुताराने वही मिटली. मिस्त्रीने वाकून पाहिलं, तर धक्के गिळणारे माझे मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर केव्हाच दमलेले. पुढे बसणाऱ्याला ते जाणवलंच नव्हतं.

शनिवारी भंगारवाला आला आणि फक्त मिस्त्रीने बदललेले जुने शॉकअब्सॉर्बर घेऊन गेला. माझा जीव भांड्यात पडला. सुताराने बायकोची पाठ मोजून मागे लाकडी टेकू बसवला, त्यावर गादी शिवली.

रविवारी आम्ही निघालो. पहिला खड्डा आला, तिघांनीही श्वास रोखला. दुसरा आला. तिसऱ्यानंतर मागून हळूच सूर उमटला.

मित्रांनो, गाडी घेताना पुढचं सगळं बघा, पण मागे बसणाऱ्यालाही एकदा विचारा. आणि वाटेत मागचं गुणगुणणं थांबलं, तर आधी गाडी बाजूला घ्या.