काथ्याची दाढी आणि दीड वर्षाची हमी

काथ्या हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते त्याच्या दाढीनं कमावलेलं. चाळीस वर्षं गवंडीकामात तोंडावर सिमेंट उडत राहिलं आणि दाढीचा एकेक केस तावूनसुलाखून निघाला. गालावर डास बसला तर पाय अडकून तिथंच राही. संध्याकाळी बायको त्याला चिमट्यानं सोडवी. डासाचं पटत नसेल तर राहू द्या, पण वर्षाला उशांचे चार अभ्रे फाटत, हे तिनं स्वतः शेजारणीला सांगितलेलं आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या तशी डॉक्टरांनी ब्लेडला हात लावायचा नाही म्हणून ताकीद दिली. मग लेकीनं विजेवर चालणारं दाढीचं मशीन आणून दिलं. डब्यावर ठळक छापलेलं, पाती दीड वर्ष टिकतील, न टिकल्यास बदलून मिळतील. काथ्याच्या गालावर ती दीड महिना टिकली. जाळी फाटली, पाती बोथट झाली, आणि मशीन केस कापायचं सोडून उपटायला लागलं. पात्यांच्या नव्या संचाची किंमत नव्या मशीनच्या दोन तृतीयांश. काथ्यानं डबा काखोटीला मारला आणि कंपनीचं दुरुस्ती केंद्र गाठलं.

काउंटरवरच्या बाईंनी पाती भिंगाखाली धरली, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि तक्रारीच्या कार्डावर शेरा मारला: 'ग्राहकाने तार कापली आहे. हमी लागू नाही.'

संच गेला खड्ड्यात, पण हे तर चारचौघांत खोटारडा म्हणणं झालं. भिंत उभी राहिली की मालकाला बोलावून त्याच्या देखत ओळंबा सोडायचा, भिंत दोरीच्या रेषेत दिसली की मगच मजुरी घ्यायची, अशी काथ्याची रीत. त्याच्या शब्दावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

घरी बायको म्हणाली, "अहो, वाढवा की दाढी. ऋषी दिसाल."

"वाढवली तर तार कापल्याचं कबूल केल्यासारखं होईल," काथ्या म्हणाला आणि तिथंच त्याचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पदरमोड करून नवा संच घेतला आणि त्याचं सील बाईंच्या डोळ्यांदेखत फोडलं. रोज सकाळी इथंच दाढी करणार, मशीन तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे, असं त्यानं शांतपणे सांगितलं. हे काय सलून आहे का, असं बाईंनी विचारलं. काथ्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'उपकरण येथेच चालवून पाहावे' असं तिच्यावर कंपनीनंच लिहून ठेवलं होतं.

तेव्हापासून केंद्र उघडायच्या ठोक्याला काथ्या हजर. एकदा अंगात ताप होता, तरी मफलर गुंडाळून आला. पहिल्या आठवड्यात मशीन गुणगुणत होतं, तिसऱ्यात खोकायला लागलं, चौथ्यात हनुवटीवर ठिणग्या उडू लागल्या. मिक्सर दुरुस्तीला आलेली माणसं खुर्च्या मागे सरकवून बघत बसत.

पंचविसाव्या दिवशी बाईंनी एक कोरा संच पुढे सरकवला. "काका, हा फुकट घ्या आणि मिटवून टाका."

"आणि शेरा?"

"तो खोडायचा अधिकार मला नाही."

"मग ठेवा हा. दाढी व्हायचीय माझी."

एक्केचाळिसाव्या दिवशी जाळी टचकन फुटली. बाईंनी स्वतः पाती काढली आणि बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. पहिल्या पात्यांवर होत्या तशाच खाचा. त्यांनी मुख्य कचेरीत फोन लावला.

आलेले साहेब कडक इस्त्रीचे होते. दाढीत तार लपवली असेल, हा त्यांचा संशय. काथ्यानं गाल पुढे केला. साहेबांनी आपला रेशमी रुमाल त्यावरून फिरवला, तो अडकला, जोर लावून ओढला. अर्धा हातात आला, अर्धा गालावर राहिला.

"खोडा तो शेरा," साहेब म्हणाले. "दोन्ही संच द्या बदलून."

बाईंनी 'तार' वर आडवी रेघ मारून वर 'दाढी' लिहिलं, 'हमी लागू नाही' हे खोडलं आणि साहेबांची सही घेतली. यापुढे डब्यावर 'साधारण दाढीसाठी' असं छापून घेऊ, असं साहेब पुटपुटले. काथ्यानं त्याला खुशाल परवानगी दिली. त्याचा डबा मात्र जुना होता, आणि हमीचे पंधरा महिने उरले होते. म्हणजे आणखी दहा संच, हा हिशेब त्यानं साहेबांना बोटांवर करून दाखवला.

मग तो बाईंकडे वळला. "ताई, पुढच्या दाढ्या घरी केल्या तर चालेल? का रोज येऊ?"

"घरीच करा, काका," बाई म्हणाल्या. "पाती गेली की नुसतं सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन."

काथ्यानं मशीन पिशवीत टाकलं आणि गालावरचा अर्धा रुमाल सोडवत रस्त्याला लागला.