भरीव सूर

"थांबा, थांबा," म्हणत वहिनींच्या दिराने हात वर केला आणि गाणं मध्येच तुटलं.

ड्रमवर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. वहिनींच्या बोटांखालचा गिटारचा सूर जरा किणकिणला आणि विझला. बँड दिराने उभा केलेला, त्यामुळे तो ज्या नावाने हाक मारायचा तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. साठीला टेकलेल्या या बाईला ड्रमवाला तेवढा सोडून सारेच वहिनी म्हणत.

"वहिनी, राग मानू नका," दीर माईक बाजूला करत म्हणाला, "पण गिटारचा तुकडा पत्र्यावर नखं घासल्यासारखा वाजतोय. मी गातोय आणि पाठीशी कोणी उभंच नाही, असं वाटतं."

"तारा बारीक लावल्यात, भाऊजी. म्हणून."

"मग जाड लावा की!"

वहिनींनी डावा हात पुढे केला. सांधे सुजून गाठीगाठीचे झाले होते. "जाड तार आता दाबली जात नाही."

दिराने हाताकडे पाहिलं आणि नजर फिरवली. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला जवळ आलेला कार्यक्रम पुढ्यात दिसत होता. "मी विमा कंपनीतल्या एका गृहस्थांशी बोललोय. गिटारवर हात चांगला आहे त्यांचा. तुम्ही कोरसमध्ये उभ्या राहा ना. आम्हाला माणूस म्हणून तुम्ही हव्याच आहात."

"माणूस म्हणून मी घरीही असतेच," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या तालमीपर्यंत थांबा. तोवर त्यांना शब्द देऊ नका."

बसमध्ये नवरा-बायको शेजारी बसले.

"तुम्ही तिथे मिठाची गुळणी धरून बसलात," त्या म्हणाल्या.

"काय बोलायला हवं होतं?"

"बायकोच्या बाजूने एखादा शब्द."

"अगं, आवाज पोकळ येतोय हे खरं आहे. भावासमोर खोटं बोललो असतो तर तुलाच आवडलं नसतं."

वहिनी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

पंखे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, गुंडाळी विभागात. केसासारखी तांब्याची तार मोटरच्या दातांतून ओढायची, ताण सारखा ठेवायचा, कुठे तुटू द्यायची नाही. कारखान्याच्या करमणूक मंडळात एक जुनी इलेक्ट्रिक गिटार धूळ खात पडली होती. फोरमनबाईंना थोडंफार वाजवता यायचं, त्यांच्याकडून वहिनी शिकल्या आणि त्याच मंडळात ड्रम बडवणाऱ्या माणसाशी लग्नही करून मोकळ्या झाल्या. नोकरी संपली, मंडळाने देऊन टाकलेली गिटार राहिली. सांधेदुखी सुरू झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "हा छंद आता पुरे." त्यांनी गोळ्या घेतल्या आणि सल्ला तिथेच टेबलावर ठेवून आल्या.

घरी आल्यावर त्यांनी आधी स्वतःच खटपट केली. तारांच्या खाली बसवलेले पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवतीची तांब्याची गुंडाळी. तार थरथरते, तिची थरथर तिथे विजेत उतरते आणि स्पीकरपर्यंत जाते. पिकअप तारेच्या जवळ आणले तर आवाज वाढेल, असा हिशेब करून त्यांनी स्क्रू फिरवले. आवाज वाढला, पण सूर दारू प्यायल्यासारखा डुलायला लागला.

"हे काय आता?" स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं.

"चुंबक बारीक तारेला ओढतंय. तिला सरळ थरथरूच देत नाही."

मग त्यांनी स्पीकरवरचं खर्जाचं बटण वाढवून पाहिलं. त्याने नुसता गोंगाट झाला. जिथे आवाजाला अंग हवं होतं तो मधला भाग तसाच भुकेला राहिला. त्यांनी स्क्रू पूर्ववत केले आणि दुसऱ्या दिवशी गिटार खांद्याला लावून वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

दुरुस्तीवाला टक्कल पडलेला, गप्पिष्ट माणूस होता. त्याने गिटार घेतली, दोन सूर छेडले आणि मान हलवली.

"ताई, तारा फारच नाजूक आहेत. पिकअप बदलून त्याची जाड तार होणार नाही."

"माहीत आहे. पण आहे त्या तारेतून जास्तीत जास्त काय निघतं ते मला बघायचंय."

"मग हे घ्या, दोन गुंडाळ्यांचं. भिंत पाडेल!" त्याने भिंतीवरची एक गिटार काढून त्यांच्या हाती दिली. त्यांनी वाजवली. आवाज खरंच जाडजूड होता, पण प्रत्येक सुराने रजई पांघरल्यासारखा. शिवाय ते बसवायला त्यांच्या गिटारचं लाकूड कोरावं लागलं असतं.

"दमदार आहे," त्या म्हणाल्या, "पण यात माझा दीर बुडून जाईल. तो फार जोरात गात नाही."

दुसऱ्या गिटारमधले पिकअप तडफदार होते. हलका हात लावला तरी उसळायचे. दुरुस्तीवाला खूश झाला. वहिनींनी मात्र वरच्या पट्टीतला एक सूर लांबवला आणि तोंड वाकडं केलं. तोच डुलणारा आवाज.

"चुंबक जोरदार आहे ना याचं?"

"आहे. लोक तेच मागतात."

"मला चुंबक सौम्य हवंय, आणि तारेचे वेढे जास्त."

त्याने डोकं खाजवलं, खण उपसले. अखेर तळाकडून एक जोडी निघाली. आवाज फार मोठा नाही म्हणून गिऱ्हाईक परत करून गेलं होतं. कोपऱ्यातल्या उघड्या गिटारवर त्याने ती तात्पुरती जोडली आणि वहिनींच्या सांगण्यावरून त्यांच्यासारख्याच बारीक तारा चढवल्या.

वहिनींनी मधला तुकडा वाजवला. मग पुन्हा, निम्म्या जोराने. सूर मोठा नव्हता. पण तो पोटातून येत होता, आणि बोट जेमतेम टेकवलं तरी टिकत होता. त्या तो संपेपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.

"बसवून देऊ?"

"नको. सोल्डरचे डाग मी देते. फक्त कुठली तार कुठे ते सांगा."

घरी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून त्यांनी गिटार उघडली. डाग देण्याचं काम त्यांनी हजारदा केलेलं, पण आज तापलेलं टोक जागेवर ठरेना. अंगठा भलतीकडेच वळायचा. एक डाग फसला. दुसराही. त्यांनी अवजार खाली ठेवलं आणि डोळे मिटले.

नवरा समोर येऊन बसला. "मी करू?"

"तुम्हाला येत नाही."

"येत नाही. पण तू सांगशील तिथे तार धरून ठेवता येईल की."

त्याने चिमट्याने तार धरली. वहिनींनी दोन्ही हातांनी अवजार पकडलं, कोपर टेबलावर रोवले आणि श्वास रोखला. धुराची बारीकशी रेघ उठली. डाग चकचकीत बसला.

"हलू नका. आता पुढची."

तालमीला विमा कंपनीतले गृहस्थ गिटार घेऊन आधीच हजर होते. दिराने ओशाळं तोंड केलं. "नुसतं ऐकायला आलेत, वहिनी."

"ऐकू द्या की. नमस्कार."

गाणं सुरू झालं. मधला तुकडा आला तेव्हा नवऱ्याने ड्रमचा हात हलका केला. वहिनी घाई न करता, एकेका सुराला त्याचा वेळ देत वाजवत गेल्या. दुखणं होतंच, मनगटापर्यंत चढत होतं. पण सूर भरीव येत होता, आणि शेवटचा लांब सूर दिराचं कडवं येईपर्यंत टिकून राहिला. दीर पायरीवर पाय ठेवावा तसा त्या सुरावर उतरला आणि या वेळी त्याने हात वर केला नाही.

गाणं संपल्यावर तो गृहस्थांकडे वळला. "माफ करा, तुम्हाला उगाच—"

"थांबा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शेवटचं जलद गाणं यांना द्या. ते आता माझ्याच्याने होत नाही, पिकअप कुठलेही लावा. हे मात्र माझं."

गृहस्थांनी आपली गिटार काढली आणि विचारलं, "ताई, त्या गाण्यात सुरुवात कशी करता तुम्ही?" वहिनींनी त्यांना खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि सुरुवात सावकाश, थांबत थांबत दाखवली. गृहस्थांचा हात भराभर धावायला लागला तेव्हा त्या जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

सगळे पांगले. वहिनींनी गिटार पिशवीत ठेवली, पण चेनचं टोक बोटांत येईना. दोनदा निसटलं. नवरा पुढे झाला, हात लांब केला, आणि मग तो हात तसाच मागे घेऊन दाराशी गेला. त्याने दार उघडं धरलं आणि बाहेर रस्त्याकडे बघत उभा राहिला. मागून चेन हळूहळू, अडत अडत, शेवटपर्यंत लागल्याचा आवाज आला.