जोडीतला मी एकटा

मी हातमोजा आहे, पण माझी बोटं मोजायला जाऊ नका. अंगठ्याला एक खोपटं आणि बाकीच्या चौघांना मिळून एक खोली, एवढाच माझा पसारा. ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका घरात, ऐन चैत्रात, घामाच्या धारांत माझा जन्म झाला. शेजारणी हसायच्या, "गोदूबाई, तुमच्या विहिरीत बर्फ पडला की काय?"

गोदूबाईंना हसू येत नव्हतं. त्यांचे यजमान त्र्यंबकराव सरकारी मोजणीत नकाशे काढायचे. अठराशे एकोणऐंशी साली त्यांना हुकूम आला, हिमालयात जा आणि सोळा-सतरा हजार फुटांवरच्या खिंडींचे नकाशे करा. ठाण्याच्या माणसाची थंडी ती काय! पौषातल्या पहाटे उपरणं ओढलं की संपली. त्र्यंबकरावांनी मुंबईहून पाच बोटांचे, हाताला घट्ट बसणारे कातडी मोजे आणले आणि ते घालून घरभर मिरवले.

गोदूबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी टिटवाळ्याहून नाथाला बोलावून घेतलं. नाथा मोजणीतला जुना खलाशी, म्हणजे हरकाम्या गडी. दहा वर्षं पहाडात जमीन मापायची साखळी ओढलेला.

नाथाने कातडी मोजा चढवून मूठ वळून पाहिली. "दिसायला झ्याक. पण आत बोट हलत नाय. रगत अडलं की बोट गेलं."

गोदूबाईंनी स्वतः शिवलेला, कापूस भरलेला नमुना पुढे केला. नाथाने तो सरळ घंगाळात बुडवला.

"अरे, हे काय केलंस?"

"वयनी, कापूस भिजला की मेला. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाय. आन् चारी बोटं एका घरात ठेवा. ती एकमेकांना शेकतात."

"मग मी पेन्सिल कशी धरू?" त्र्यंबकराव वैतागले.

"लिवताना काढायचा, रावसाहेब. दोरी गळ्यातून घ्यायची, म्हंजे वाऱ्यानं उडायचा नाय."

गोदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आत पिंजलेली लोकर, वर काळ्या घोंगडीचा दुहेरी थर, आणि खोगीर शिवणाऱ्याकडून तेल पाजलेल्या कातड्याचं कवच. मनगट झाकून वर जाईल एवढी लांबी. असे आम्ही दोघे तयार झालो, एकाच दोरीच्या दोन टोकांना. आमच्यात डावा-उजवा भेद नव्हता. कुठलाही कुठल्याही हातात जाई.

त्र्यंबकरावांनी आम्हाला ट्रंकेच्या तळाशी टाकलं. पहाडात पहिल्याच आठवड्यात त्यांचे मुंबईचे मोजे भिजले आणि लाकडासारखे ताठले. तेव्हा कुठे आम्ही वर आलो. त्यांची बोटं आत शिरली, चुळबुळली, एकमेकांना चिकटली, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी कशासाठी आहे.

मग श्रावणातला तो दिवस. खिंडीवरून उतरताना हिमवादळ आलं. बाकीची मंडळी पुढे निघून गेली होती. मागे राहिले त्र्यंबकराव आणि एक हमाल. त्र्यंबकरावांचा पाय मुरगळून सुजला होता, एक पाऊल टाकवेना. हमालाने त्यांना खडकाच्या आडोशाला बसवलं. खाली जाऊन माणसं आणायची, तर बर्फात पायऱ्या खोदत उतरायला हवं होतं, आणि त्याच्या हातांना नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या. कुदळ त्याच्या मुठीतून दोनदा निसटली.

त्र्यंबकरावांनी दातांनी चाकू उघडला आणि दोरी कापली. माझा जोडीदार त्यांनी पुढे केला.

हमाल मागे सरकला. "बाबू, ये तुम्हारे लिखने का हाथ है."

"तू नीचे नहीं पहुँचा तो हाथ का क्या करूँगा? ले!"

त्याने तो घातला आणि पांढऱ्या वाऱ्यात शिरला.

मी दोन हातांना एकटा उरलो. त्र्यंबकराव मला कधी उजव्या हातात घालत, कधी डाव्या. उघडा हात काखेत दाबून धरत. दुपार कलली. त्यांना गुंगी यायला लागली आणि डावा हात काखेतून सुटून बर्फावर पडला. मी उजव्यात होतो. मला ओरडता आलं नाही.

अंधार पडायच्या आत चार माणसं आली. तो हमाल पोचला होता! पण या चौघांत तो नव्हता. त्र्यंबकराव तापातून उठेपर्यंत तो ओझं घेऊन कुठल्याशा दुसऱ्या टोळीबरोबर निघून गेला होता.

घरी आल्यावर गोदूबाईंनी नवऱ्याच्या डाव्या हाताची तोकडी झालेली दोन बोटं कितीतरी वेळ आपल्या तळव्यात धरून ठेवली. मग मला उचललं.

"याचा जोडीदार कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

त्र्यंबकरावांनी नाव सांगायला तोंड उघडलं, आणि आपण ते कधी विचारलंच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

तेव्हापासून त्यांना स्वस्थता नाही. त्यांनी छावणीच्या मुकादमाला तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं: त्या मोसमात अठरा हमाल होते, नावे लिहिलेली नाहीत. ते वाचून ते गोदूबाईंना म्हणाले, "अगं, चार महिने पाणी असणाऱ्या ओढ्यांचीसुद्धा नावं मी विचारून विचारून नकाशावर घातली. आणि तो समोर उभा होता."

आता मी कडुनिंबाच्या पाल्यात ट्रंकेत असतो. कसरीने माझ्या अंगठ्याशी भोक पाडलंय. मार्गशीर्षात गोदूबाई मला उन्हात ठेवतात, तेव्हा मी तळमळत उत्तरेकडे तोंड करून पडतो. माझा जोडीदार अजून कुणाच्या हातात असेल का? माझ्यासारखाच एक काळा, बिनबोटांचा मोजा कधी तुमच्या नजरेला पडला, तर तो परत मागू नका. ज्याच्या हातात असेल, त्याला तेवढं नाव विचारा.