पहिलं सूप

फुलाबाईने कुबडी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात वर केले.

"हात कशाला वर करता, बाई? पोलीस थोडेच आलेत?" जयराम म्हणाला. नाशिकच्या शिबिरात कृत्रिम पाय बसवणारा कारागीर तो. सकाळपासून त्याने अकरा जणांना पाय बसवले होते. फुलाबाई बारावी.

"मोकळे ऱ्हातेत का बघते."

हात मोकळे राहिले. ती पडली नाही. गुडघ्याखाली पट्ट्याने बांधलेली नळी, आणि नळीच्या टोकाला रबराचे पाऊल. तिने त्या पावलाकडे वाकून पाहिले.

"लय गोरा दिला तुमी," ती म्हणाली. "सासऱ्याच्या घरात एवढं गोरं कोणी नाय."

"आठ दिवस शेतात राबवा. होईल सावळा."

बाकावर बसलेली माणसे हसली. नवरा वाळू मात्र हसला नाही. तो दाराशी उभा राहून तिच्याकडे टक लावून बघत होता.

जयरामने तिला दारापर्यंत चालायला लावले. ती गेली आणि परत आली. मग त्याने उकिडवे बसायला सांगितले. ती बसली आणि कोणाचा हात न धरता उठली. न सांगता पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"पुरे बाई, आजच झिजवता का?"

दोन वर्षांपूर्वी भाताच्या लावणीत तिच्या पायात काटा मोडला होता. लावणी थांबत नाही म्हणून ती चिखलात उभीच राहिली. पाय काळा पडला तेव्हा तिला दवाखान्यात नेले आणि पाय गुडघ्याखाली तोडावा लागला. पुढे पाच महिने उपकेंद्रातली नर्स पल्लवी दिवसाआड डोंगर चढून यायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची. सकाळी जयरामने त्या जागेवर अंगठा दाबून पाहिला होता.

"छान भरली आहे. ही नीट भरली नसती तर मी कितीही चांगला पाय केला असता तरी उपयोग नव्हता. तुमच्या नर्सबाईंना सांगा."

"सांगते," फुलाबाई म्हणाली होती.

आता तिला फक्त एस.टी. दिसत होती. घरी भाताची झोडणी होऊन गेली होती. आज दुपारी वारं सुटलं की उपणणी, सुपातून भात वाऱ्यावर सोडून फोल उडवायचं. त्यांच्या घरात पहिलं सूप थोरल्या सुनेनं वाऱ्यावर धरायचं, मग बाकीच्यांनी. गेल्या दोन वर्षांत ते धाकट्या जावेने, नवसाबाईने धरले. कुबडीवर उभ्या बाईला सूप धरायला हात कुठून राहणार? पहिल्या वर्षी फुलाबाई तरीही खळ्यात शिरली होती. शेणाने सारवलेल्या गुळगुळीत जमिनीत कुबडीच्या टोकाने भोकं पडली. तिची तीच बाहेर आली होती.

"तासाभराने पट्टा सोडून बघायचं, कुठे लाल झालंय का," जयराम मागून ओरडून सांगत होता. "अनवाणी चाललात तरी चालेल. चिखलात, पाण्यात, कुठेही!"

पेठच्या गाडीत तिने दोनदा पट्टा सोडून पाहिले. लाल झाले नव्हते. फाट्यावर उतरून ती वाळूच्या पुढे चालू लागली.

"हळू चाल," वाळू म्हणाला.

"वारं हळू येतं का?"

खळ्याच्या कडेला नवसाबाई सूप घेऊन उभी होती. थोरल्या जावेला चालत येताना पाहून ती धावतच पुढे आली.

"आक्का! कुबडी कुठं हाय?"

फुलाबाई थांबली. तिने वाळूकडे पाहिले, वाळूने तिच्याकडे.

"तिथंच ऱ्हायली भिंतीला," तो म्हणाला.

तिघेही इतके हसले की बांधावर बसलेल्या मंगळूबाबांनी मान वळवली. बाबा फुलाबाईचे सासरे. मोतीबिंदूने दोन्ही डोळे पांढरे झालेले. पण खळ्यावर शब्द त्यांचाच.

"कोण आलं?"

"मी, बाबा. फुला."

"टेकायचा आवाज नाय आला."

"नवा पाय बसवलाय."

"कशाचा?"

"रबराचा."

फुलाबाईने चपला काढून बांधाशी ठेवल्या होत्या. दोन्ही पाय उघडे होते.

"चपला बी रबराच्या असतात," बाबा म्हणाले. "खळ्यात रबर नाय जात. आजवर नाय गेलं."

नवसाबाईने सूप खाली धरले. झाडाची पानं हलू लागली होती.

"बाबा, वारं सुटलं," वाळू म्हणाला.

"मला कळतं वारं."

पट्टा सोडून पाय बाजूला ठेवता आला असता. मग पुन्हा कुबडी हवी, आणि कुबडी नाशिकला. फुलाबाई म्हाताऱ्यासमोर जाऊन उकिडवी बसली. त्यांचा हात धरला आणि नव्या पावलावर ठेवला.

बाबांनी हात मागे घेतला नाही. आधी घोटा चाचपला, मग टाच. मग वासराचे खूर बघावेत तसा अंगठा पुढे सरकवत बोटांवर आणला. एक, दोन, तीन. करंगळीपाशी अंगठा थांबला. त्यांनी दुसरा हात तिच्या खऱ्या पायावर ठेवला. तिथेही बोटे मोजली. बराच वेळ दोन्ही हात दोन पायांवर तसेच राहिले.

"टाच फुटलेली नाय ह्या पायाची," ते म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला.

"तांब्या दे इकडं, नवसा."

खळ्यात शिरणाऱ्याने पाय धुवायचे असतात. आपले आपण धुवायचे. नवसाबाईने पाण्याचा तांब्या सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी चाचपत आधी फुलाबाईच्या डाव्या पायावर पाणी ओतले. मग उजव्यावर, रबराच्या. आणि हाताने बोटांच्या मधली धूळ काढू लागले.

"गार लागतंय का गं?" त्यांनी विचारले.

त्यांचा हात अजून उजव्या पायावरच होता.

"लागतंय, बाबा," फुलाबाई म्हणाली.

म्हाताऱ्याने आपले गुडघे आखडून तिला खळ्यात जायला वाट करून दिली.