बटण बंद असताना

धाकटीचा हात मोडला, त्याला नऊ दिवस झाले होते. स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना करंट बसला आणि बाई स्टुलावरून थेट फरशीवर. "बटण बंद केलं होतं ग ताई, शपथ," ती फोनवर म्हणाली होती. मागून नवऱ्याचा आवाज आला होता, "ओले हात लावते, अन् वर तोंड करून सांगते."

ताई स्वतः वायरमन. वीस वर्षं लोकांच्या घरात तारा ओढलेल्या बाईला असलं काही पटायचं नाही. शेवटी एका भर दुपारी, तो कामावर गेलाय असं बघून, पेचकस आणि टेस्टर घेऊन ती बहिणीकडे येऊन धडकली.

बटण बंद केलं, बल्ब काढला, होल्डरच्या पिनेला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. मग मेन स्विच पाडून तिने बोर्ड उघडला. बटणाला दोन्हीकडे करंट परत नेणाऱ्या काळ्याच तारा. करंट आणणारी लाल तार, जी बटणातूनच जायला हवी, ती बटणाला टाळून थेट वर होल्डरला गेली होती. म्हणजे बटण बंद केलं की दिवा विझणार, पण होल्डरमध्ये करंट तसाच.

"चुकलं असेल ग त्यांचं," धाकटी म्हणाली. "घाईत असतात."

चुकलं असेल म्हणे! अहो, हा गडी ताईबरोबर एकाच ठेकेदाराकडे शिकलेला. झोपेतून उठवून जोडणी करायला लावली तरी त्याची लाल तार चुकायची नाही. स्थळ ताईनेच सुचवलं होतं. हात सफाईदार, माणूस निर्व्यसनी, असं छातीठोक सांगितलं होतं. पुढे धाकटीच्या दंडावर वळ दिसले, तेव्हाही हीच म्हणाली होती, होईल सगळं नीट. आणि आता तारेवरची चिकटपट्टी कोरी करकरीत होती, स्क्रूवर ताजे ओरखडे होते. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने मेन पुन्हा चालू केला आणि मागे वळली, तर तो दारात उभा. जेवायला घरी आला होता.

"बटण बंद आहे," ताई म्हणाली. "होल्डरला बोट लाव."

तो हसला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"बंद आहे ना? मग लाव."

त्याने हात खिशात घातला. ताईने त्याचं मनगट धरून बाहेर ओढलं आणि होल्डरकडे खेचलं, तसा तो पिसाळला. कोपर तिच्या तोंडावर बसलं, दात तुटून जिभेवर आला. मग त्याने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. "घर फोडायला येतेस, भवाने," म्हणत खाली पडलेलीच्या बरगडीत लाथ घातली. ताईच्या कपाळाचं रक्त डोळ्यांत आलं, तिला नीट दिसेना.

धाकटी भिंतीला खिळून उभी होती. नवरा मारतो हे तिला नवं नव्हतं. बंद बटणाच्या होल्डरला तो बोट लावत नाही, हे मात्र तिने पहिल्यांदा पाहिलं. तिने प्लास्टरचा हात उचलला आणि जीव खाऊन त्याच्या नाकावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला, त्याचं की तिचं कुणास ठाऊक. तो चौकटीवर आदळून खाली बसला.

धाकटी वेदनेने पांढरीफटक पडली होती. आवाज मात्र तिने चढवला नाही.

"आपल्या पोरीच्या खोलीतला दिवाही असाच जोडलाय?"

"छे," तो घाईने म्हणाला. तोंडात रक्त होतं, तरी तिने असं विचारल्याचा त्याला रागच आला होता. "तिथं कशाला करीन? तिथं पोरगी हात लावते."

बोलून गेल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं. ती ताईकडे बघत होती.

"या ओट्यावरच्या दिव्याला," धाकटी म्हणाली, "दहा वर्षांत बल्ब बदलायला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही."

तिने चांगल्या हाताने ताईला उठवलं. ओढणी भिजवून तिच्या कपाळावर दाबली. "शाळा सुटायला अर्धा तास आहे. पोरीला तिकडूनच घेऊ," ती म्हणाली, आणि दोघी निघाल्या.

दारात त्याचा उजवा हात फरशीवर टेकलेला होता. धाकटीचा चपलेतला पाय त्यावर पडला. ती थांबली, दुसरा पायही उचलून त्यावर ठेवला, आणि सगळं वजन टाकून उंबऱ्याबाहेर गेली.