निरिच्छ शेखरभाऊ

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या पाणी वापर संस्थेचं अध्यक्षपद या खेपेला शेखरभाऊंना मिळणार, हे ठरल्यातच जमा होतं. दहा वर्षं सगळ्यांच्या होला हो मिळवल्यावर संचालकाला एवढी आशा असतेच. धास्ती होती ती भाषणाची. म्हणून नाशिकला गंगापूर रोडच्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकीकडून, सृष्टीकडून, त्यांनी एक जाडजूड कादंबरी मागवली. देताना ती म्हणाली, "पप्पा, शब्दकोशात अर्थ मिळतो. शब्द कुठं वापरायचा ते गोष्टीतच कळतं."

कळलंच. कादंबरीचा नायक तीनदा म्हणतो, "मी निरिच्छ आहे." पहिल्यांदा म्हटल्यावर गाव त्याला आग्रहानं पाटीलकी देतं, दुसऱ्यांदा घोडी, तिसऱ्यांदा सावकाराची देखणी मुलगी. घोडीची शेखरभाऊंना गरज नव्हती, मुलीचं घरात बोलायची सोय नव्हती. पाटीलकीच्या पानावर मात्र त्यांनी खूण घातली.

आमच्याकडे निवड बिनविरोध होते, पण लगेच होत नाही. नाव सुचवलं की माणसानं म्हणायचं, "माझी काय लायकी, दुसऱ्या कोणाला द्या." मग दोघांनी दंड धरून उठवायचं, तिसऱ्यानं हार घालायचा.

बैठकीत पुंजातात्यांनी नाव सुचवलं. शेखरभाऊ उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "या पदाबाबत मी निरिच्छ आहे."

कोणी जागचं हललं नाही.

"म्हंजे काय?" झिपरूअण्णांनी विचारलं.

तालुक्याहून आलेल्या निवडणूक अधिकारी प्रतिभाताई म्हणाल्या, "त्यांना पदाची इच्छा नाही."

"नाय कशी? परवा घरी बोलावून चहा पाजत होते की."

"चहाचं निराळं, झिपरू," पुंजातात्या म्हणाले. "'माझी काय लायकी' म्हणले असते, तर मीच दंड धरला असता. पर माणूस एवढा तोलून शब्द काढतो, म्हंजे मनापासून बोलतोय. त्याला गळ घालणं पाप हाय."

प्रतिभाताईंनी पेन उघडलं. "तसंच लिहू ना, शेखरराव?"

नाही म्हणावं तर हाव उघडी पडते. "लिहा," शेखरभाऊ म्हणाले.

मग सोमनाथचं नाव निघालं. "माझी काय लायकी," तो म्हणाला, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचे दोन्ही दंड धरले गेले. दंड धरणाऱ्या दोघांनी आणि हार घालणाऱ्यानंही मान्य केलं की सोमनाथला लायकीचा अंदाज बरोबर होता. पण रीत ती रीत.

हार पडल्यावर तात्यांनी फर्मावलं, "आभार शेखरभाऊंनीच मानायचे. त्यांच्यापाशी शब्द लय हायेत."

शेखरभाऊंनी सोमनाथ कसा योग्य आहे ते दहा मिनिटं सांगितलं. टाळ्या झाल्या. खाली बसता बसता त्यांनी तात्यांच्या कानाशी लागून विचारलं, "उपाध्यक्षाचं काय करताय?"

"त्ये तुम्हाला कसं सांगू, भाऊ?" तात्या हात जोडत म्हणाले. "उगं मोहात पाडल्यासारखं व्हईल."