न मोजता येणारी गळती

नोकरीच्या पहिल्याच दिवशी नाऊनबाईंना मॅनेजरने एक सूचना केली. "बाई, रिपोर्टात क्रियापदं जितकी कमी येतील तितकं बरं."

बाईंना तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. नवा वर्ग हाती आला की पहिला तास नामाचा, हा त्यांचा शिरस्ता. "ज्याला बोट लावता येतं ते नाऊन, आणि ज्याला बोट लावता येत नाही, पण ज्याच्यावाचून अडतं, तेही नाऊन," असं म्हणून त्या खडू उचलायच्या. पोरांनी त्यांचं बारसं करून टाकलं, आणि खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं.

यजमान गेल्यावर त्या धाकट्या दिराकडे राहायला आल्या. दीर शीतगृहात मेकॅनिक होता. फळं आणि मासळी गोठवून ठेवणाऱ्या त्या मोठ्या खोल्या अमोनियाच्या यंत्रांवर चालत, आणि ती यंत्रं दिराच्या ताब्यात होती. त्यानेच एकदा जेवताना विषय काढला.

"वहिनी, आमच्याकडे इंग्रजीत रिपोर्ट लिहिणारं माणूस हवंय. तुम्ही या. आमचं म्हणणं निदान नीट वर जाईल."

काम सोपं होतं. वरच्या मजल्यावर काचेशेजारी टेबल. सकाळी नऊ वाजता यंत्रघराची वही यायची. तिन्ही पाळ्यांचे लोक तीत पेन्सिलीने जे सुचेल ते लिहीत. पानापानावर तेलकट अंगठे उमटलेले. बाईंनी त्यातून एक पानाचा इंग्रजी रिपोर्ट तयार करायचा, खाली सही करायची, आणि तो हेड ऑफिसला जायचा.

पहिल्या दिवशी वहीत दिराच्या अक्षरात ओळ होती : 'तीन नंबरचा व्हॉल्व्ह गळतोय.' बाईंनी लिहिलं, 'व्हॉल्व्ह नंबर थ्री इज लीकिंग.' मॅनेजरने त्यावर लाल रेघ ओढली. हा मॅनेजर आठवीत त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. अजूनही बाई आत आल्या की उठून उभा राहायचा. बोलणं मऊ, आवाज कधी चढायचा नाही.

"'इज लीकिंग' म्हटलं की वरचे विचारतात, अजून गळतोय? कधीपासून? कोण बघतंय? त्यापेक्षा नाम करा, बाई."

"मग 'अ लीक' लिहू? तोच शब्द आहे. आधी 'अ' लावला की क्रियापदाचं नाम होतं."

"लीकसुद्धा नको. लीक मोजता येतं. वन लीक, टू लीक्स. वर्षअखेरीला तक्ता भरावा लागतो, किती लीक झाले म्हणून. 'सीपेज' लिहा. झिरप. सीपेज मोजता येतं का?"

"नाही," बाईंच्या तोंडून सवयीने निघालं. "अनकाउंटेबल. वॉटर, मिल्क, एअरसारखं. आधी आकडा लागत नाही, शेवटी एस लागत नाही."

"बघा! तुम्हीच शिकवलंय."

बाई मनातून सुखावल्या. इतक्या वर्षांपूर्वीचा धडा कुणीतरी जपून ठेवला होता, तो असा कामाला आला होता. त्यांनी 'माइल्ड सीपेज ऑब्झर्व्ह्ड' असं लिहून सही केली.

पुढे त्यांचा हात बसला. वहीत यायचं, 'गळती रोखायला व्हॉल्व्हचं पॅकिंग मागितलं, साहेबांनी दिलं नाही.' रिपोर्टात जायचं, 'नॉन-अव्हेलेबिलिटी ऑफ पॅकिंग.' वहीत यायचं, 'यंत्र दोन दिवस बंद ठेवून व्हॉल्व्ह बदला म्हटलं, साहेब म्हणाले माल खराब होईल.' रिपोर्टात जायचं, 'डिफरमेंट ऑफ मेंटेनन्स', म्हणजे देखभालीला स्थगिती. क्रियापद आलं की कुणी केलं ते सांगावं लागतं. त्याचं नाम केलं की करणारा गळून पडतो आणि वाक्याला काही कमीही वाटत नाही. बाईंनी हे व्याकरण म्हणून शिकवलं होतं. आता त्याचा रतीब घालत होत्या. कधीकधी एखादा शब्द फार नेमका बसला, की त्या स्वतःशीच मान हलवायच्या.

घरी मात्र दिराच्या कपड्यांना तो उग्र वास येऊ लागला होता. जाऊ त्याचा शर्ट चिमटीत धरून बाहेरच्या तारेवर टाकायची. "ताई, ह्यांचे डोळे बघा हो, कसे लालभडक झालेत," ती म्हणायची.

"वहिनी," दीर विचारायचा, "माझं लिहिलेलं वर पोहोचतंय ना?"

"पोहोचतंय, भाऊजी. रोज पोहोचतंय."

यात खोटं काय होतं? बाईंना सापडायचं नाही. पण उत्तर देताना त्या ताटाकडे बघायच्या.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दीर त्यांना यंत्रघराच्या दारापर्यंत घेऊन गेला. आत पाइपांवर बर्फाची पांढरी साल चढली होती आणि जमीन पायाखाली थरथरत होती. दिराने गंधकाची काडी पेटवली.

"अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, वहिनी. पण गंधकाच्या धुराला भेटला की पांढरा होतो. बघा आता."

त्याने काडी तीन नंबरच्या व्हॉल्व्हजवळ नेली. काडीभोवती पांढरा धूर उठला आणि दोरखंडासारखा पिळे घेत छताकडे गेला.

"तुम्ही कामाला लागलात तेव्हा हा दोऱ्याएवढा होता."

यंत्रांना तेल देणारे तेलकाका कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. "बाई, मला निरोपाला शाल नको," ते म्हणाले, "ह्यातला थोडा गॅस बाटलीत भरून द्या. जन्मात नाक चोंदायचं नाही!"

कुणी हसलं नाही. तेलकाका स्वतःच हसले आणि खोकू लागले. खोकला लवकर थांबेना.

त्यानंतर चारच दिवसांनी हेड ऑफिसचं पत्र आलं. ते बाईंच्याच टेबलावर आलं, कारण फाइल त्या लावत. पत्रात कौतुक होतं. सहा महिन्यांत एकही लीक नाही. सबब यंत्र बंद ठेवून करायची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलण्यात येत आहे. संदर्भ म्हणून खाली रिपोर्टांच्या तारखा दिल्या होत्या. एकूण एक तारीख बाईंच्या सहीची.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. वर बसलेल्या त्या माणसांनी काही चुकीचं वाचलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं होतं.

त्या उठून मॅनेजरकडे गेल्या. तो उभा राहिला.

"आजच्या रिपोर्टात मी सरळ लिहिणार. व्हॉल्व्ह गळतोय. मेकॅनिकने अकरा वेळा सांगितलं. तुम्ही बदलला नाही."

"बसा, बाई." त्याने स्वतः खुर्ची ओढून दिली. "रिपोर्ट कोण लिहितं? तुम्ही. सही कुणाची? तुमची. आज 'लीक' लिहिलंत तर वरून पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, की सहा महिने काय झोपल्या होतात? आणि दुसरं. मेकॅनिक तुमचा दीर. त्याने नेमून दिलेलं काम नीट केलं नाही म्हणून गळती झाली, असं मी लिहिलं, तर?"

तो हे धमकावल्यासारखं बोलत नव्हता. अभ्यासात कच्च्या मुलाला समजवावं तसं बोलत होता.

"सोमवारी बोलू," तो म्हणाला. "एवढा माल जाऊ दे."

तो शुक्रवार होता. बाईंनी विचार केला, दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय. त्या दिवशीच्या रिपोर्टात त्यांनी 'कंटिन्युएशन ऑफ सीपेज' लिहिलं. घरी आल्यावर दिराला काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी साडेअकराला भोंगा वाजला. बाईंनी काचेतून पाहिलं. यंत्रघराच्या दारातून पांढरं धुकं जमिनीलगत सरपटत बाहेर येत होतं आणि माणसं तोंडावर ओली फडकी धरून पळत होती. बाहेर आलेल्यांत दीर होता. त्याने मागे वळून पाहिलं, डोकी मोजली, आणि पुन्हा आत शिरला. तेलकाका आत राहिले होते.

बाई जिने उतरून खाली पोहोचल्या तेव्हा दोघे जण दिराला ओढत बाहेर आणत होते. त्याने व्हॉल्व्हच्या मागची मोठी चावी फिरवून गॅस बंद केला होता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि तो एकच वाक्य बोलत होता, "पाणी घाला, डोळ्यांत पाणी घाला." तेलकाकांना नंतर आणलं. त्यांच्यावर पाणी घालायची गरज उरली नव्हती.

संध्याकाळी चार वाजता मॅनेजरने बाईंना हॉस्पिटलच्या बाकावरून बोलावून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता. त्याने कागद पुढे सरकवला. इंग्रजी त्याचंच होतं, फक्त हात फिरवायचा होता. 'अ‍ॅक्सिडेंटल एक्स्पोजर रिझल्टिंग इन वन फेटॅलिटी.' माणूस नव्हता, व्हॉल्व्ह नव्हता.

"हे कोण मेलं ते कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"फेटॅलिटी म्हटलं की त्यात आलंच ना, बाई."

बाईंनी कागद तिथेच ठेवला. आपल्या टेबलाशी आल्या. चालू वही सकाळीच यंत्रघरात परत गेली होती, पण मागच्या सहा महिन्यांच्या भरलेल्या तीन वह्या कपाटात होत्या. त्या आणि रिपोर्टांच्या प्रती त्यांनी पिशवीत घातल्या, वर आपला डबा ठेवला, आणि फाटकावरच्या रखवालदाराच्या नजरेला नजर न देता बाहेर पडल्या. थेट कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत गेल्या. निरीक्षक घरी निघाला होता. बाईंनी त्याला बसवून घेतलं.

त्याने एका हाताला वही आणि दुसऱ्या हाताला रिपोर्ट ठेवून तारखेला तारीख लावली. मग मान वर केली.

"हे रिपोर्ट कुणी लिहिले?"

"मी लिहिले."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"मॅनेजरने सांगितलं. पण मला इंग्रजी येतं, साहेब. मी काय लिहितेय ते मला कळत होतं. तसंच लिहून घ्या."

चौकशी आठ महिने चालली. कंपनीच्या वकिलाने रिपोर्ट एकेक करून वाचले आणि विचारलं, यात लीक हा शब्द कुठे आहे ते दाखवा. बाईंनी उभं राहून प्रत्येक ओळीची फोड केली : इथे काय गळलं, इथे कुणी नाही म्हटलं, इथे कुणी थांबवलं. एकशे बेचाळीस ओळी झाल्या. वह्यांमुळे दिरावर येणारा ठपका टळला. तेलकाकांच्या बायकोला भरपाई मिळाली. शीतगृहाला टाळं लागलं. मॅनेजरला अटक झाली आणि तो जामिनावर सुटला. बाईंवरही गुन्हा नोंदला गेला, आरोपी क्रमांक दोन. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

दिराचा डावा डोळा गेला. उजव्याने उजेड आणि माणसांचे आकार कळतात.

साक्ष संपली त्या दिवशी दुपारी त्याने बाईंना समोर बसायला सांगितलं. जाऊ दाराशी उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही वर काय लिहीत होतात ते मला वाचून दाखवा."

"भाऊजी, कशाला आता?"

"वाचा."

बाईंनी साक्षीसाठी काढलेल्या नकलांवरून सगळं वाचलं. आधी त्याची ओळ, मग आपली, मग आपल्या ओळीचा अर्थ. पाऊण तास लागला. वाचून झाल्यावर त्याने त्यांच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"मी मेकॅनिक माणूस," तो शेवटी म्हणाला. "मला वाटायचं, वरच्यांना इंग्रजी नीट कळत नसेल."

जाऊने येऊन त्याचा हात धरला आणि त्याला आत नेलं. आतून दार लोटलं गेलं, कडी मात्र लागली नाही. बाई तिथेच बसून राहिल्या. आत दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. बाईंना त्यांचे शब्द ऐकू येत नव्हते.